मदत हवी आहे: बारा मोटेच्या विहिरीची प्रतिकृती, मधून कापू की अख्खी ठेवू?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याचा. गल्लीतल्या पोरांबरोबर दरवर्षी दिवाळीत किल्ला करतो. माती, पोती, अळीव, सगळं ठरलेलं. यंदा पोरं अडून बसली, "काका, किल्ला नको, लिंबची विहीर करू." लिंब म्हणजे साताऱ्याजवळचं गाव, बारा मोटेची विहीर तिथलीच. (मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची, बैलांनी ओढायची चामडी पिशवी.) मी हो म्हणालो आणि आता अडकलोय.

विहीर बहुतेकांनी पाहिली असेल. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी आमराईला पाणी देण्यासाठी बांधलेली. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडून पायऱ्यांची वाट, मध्ये वर छोटा महाल. खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट धरलाय. १:७२ ने खोली साधारण ४७ सेंमी, व्यास २१ सेंमी. (बाजारातला चार इंची मावळा शेजारी उभा केला तर तो २४ फुटी ठरतो, म्हणून मावळ्यांना यंदा सुट्टी.)

भिंतींना ५ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) घेतलाय. पहिल्यांदा आठही पट्ट्यांच्या कडा सवयीने ४५ अंशांत कापल्या. चार जोडल्या तर चौकोनी डबाच तयार झाला! साडेबावीस अंशांत परत कापल्या, तेव्हा कुठे अष्टकोन मिटला.

खरी अडचण पुढे आहे. बघण्यासारखं सगळं आत: पायऱ्या, कमानी, कोरलेले शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी). अख्खी ठेवली तर लोकांना नुसतं काळं भोक दिसणार. मधून कापली तर वरून दिसणारा शिवपिंडीचा आकार जातो. काय करू?

कोरीवकाम: दोन्ही करा. पायऱ्यांपासून विहिरीपर्यंत लांबीतून सरळ दोन भाग करा आणि कडांना छोटी चुंबकं बसवा. मिटलं की पिंडी, उघडलं की आतलं सगळं. फक्त दोन्ही भागांना वेगवेगळं जाड बूड द्या, नाहीतर भिंती फाकतील. कापलेल्या कडा एकाच सपाट रंगात रंगवा, म्हणजे दगड कुठला आणि छेद कुठला ते पोरांनाही कळेल.

माणदेशी: दगडाला थेट काळा रंग फासू नका. आधी राखाडी, त्यावर पातळ केलेला तपकिरी, आणि शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने फिकट राखाडी कडांवर फिरवा. भोवतीची जमीन थर्माकोलची करणार असाल तर त्यावर स्प्रे किंवा फेविक्विक अजिबात नको, विरघळतो. फेविकॉलच वापरा. आणि वर धाव (मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट) नि थारोळं (मोटेचं पाणी पडतं ती जागा) दाखवा हो, त्याशिवाय मोटेची विहीर कसली!

धागाकर्ता: चुंबकाचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. धाव करतोच, बैल मात्र मातीचे वळावे लागतील. आता पोरांचं भांडण लागलंय: मोटेच्या जागा पंधरा, मग मोटा बारा की पंधरा?

माणदेशी: जागा पंधरा करा, मोटा बाराच लावा. उरलेल्या तीन का रिकाम्या ते बघायला येणारा विचारेलच.