डाळिंबाची पाने पिवळी पडतात, ती खत कमी पडल्याने की जास्त झाल्याने?

सांगोलेकर: आपल्या सोलापूर जिल्ह्यात बहार (फळांचा हंगाम) धरला की बेसल डोसला, म्हणजे सुरुवातीच्या खतात, डीएपी आणि पुढे ठिबकमधून ०:५२:३४, ही स्फुरद (फॉस्फरस) देणारी खते, हे जणू ठरूनच गेले आहे. मग शेंड्याची पाने बारीक, अरुंद राहून शिरांमधून पिवळी पडू लागली, की आपण खत आणखी वाढवतो. माझ्या मते अशा अनेक बागांत जस्ताची (झिंकची) कमतरता आपणच जादा स्फुरदाने ओढवून घेतलेली असते. माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद भरपूर दिसत असेल, तर त्या बहाराला डीएपी देऊच नये.

काळी_माती: आपल्या मताशी मी सहमत नाही. सांगोला-मंगळवेढा भागातील पुष्कळ जमिनी चुनखडीच्या आहेत आणि सामू (पीएच) चढा असला की जस्त व लोह मातीतच अडकून पडतात; त्यासाठी स्फुरदाला दोष कशाला? चुनखडीत स्फुरदसुद्धा कॅल्शियमशी बांधले जाते. जे पिकाला धड मिळतच नाही, ते जस्ताच्या आड कसे येईल?

सांगोलेकर: चुनखडीचा मुद्दा मला मान्यच आहे, परंतु ठिबकमधून सोडलेले विद्राव्य स्फुरद थेट मुळांच्या कक्षेत पडते आणि बांधले जाण्यापूर्वी त्यातील बराच भाग झाड उचलते. स्फुरद मुबलक झाले की मुळांना जस्त मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी मुळांवर कमी वाढते. शिवाय स्फुरदाने वाढ जोमात आली, की होते तेवढेच जस्त जास्त पानांत वाटले जाते. जमिनीत जस्त आधीच तोकडे असते, तिथे हा फटका मोठा बसतो, म्हणून चुनखडीच्या जमिनीत तर हात अधिकच आखडता हवा.

पंढरपूर_द्राक्ष: द्राक्षात हेच पालाशाचे (पोटॅशचे) होते. मण्यांच्या फुगवणीसाठी ०:०:५० हे पालाशाचे खत सोडत राहिले, की जुनी पाने शिरांमधून पिवळी पडतात. ती मॅग्नेशियमची कमतरता असते, हे पानांच्या देठाच्या परीक्षणात दिसते.

काळी_माती: पालाश आणि मॅग्नेशियम मुळाशी एकमेकांशी स्पर्धा करतात, याबद्दल दुमत नाही. मात्र शेंड्याची पाने आकाराने नेहमीएवढी, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर कमतरता बहुधा लोहाची असते. तिथे डीएपी थांबवून सामू चढा ठेवणारे बायकार्बोनेटयुक्त विहिरीचे पाणी तसेच देत राहिल्यास काहीही साधणार नाही. लोह पिकाला मिळेल अशा रूपात धरून ठेवणाऱ्या चिलेटांपैकी चढ्या सामूला ईडीटीए चिलेट टिकत नाही, ईडीडीएचए टिकते. शेतकऱ्याने पैसा आधी ईडीडीएचएवर घालावा. पान परीक्षणात स्फुरद जास्त आणि जस्त कमी, असे दोन्ही एकत्र आले, तरच मी आपले म्हणणे त्या बागेपुरते मान्य करीन.