मदत हवी आहे: कासवाचं पिल्लू आंघोळीला घाबरतं, त्याचा विश्वास कसा मिळवावा?

आमच्या घरात सुलकाटा जातीचं, म्हणजे मोठ्या आफ्रिकन जमिनीवरच्या कासवाचं पिल्लू आहे. वय वर्षाच्या आत, तळहातावर मावेल एवढं. नर की मादी ते या वयात कळत नाही, आम्ही नाव ठेवलं गोटी. खाते मनापासून, दिव्याच्या उबेत पाय ताणून पडते, वजनही वाढतंय.

अडचण आंघोळीची आहे. उचलायला हात पुढे केला की फुस्स असा आवाज करून डोकं-पाय आत ओढून घेते. पाण्यात ठेवली की क्षणभर गप्प, मग टबाच्या भिंतीवर पुढचे पाय आपटत वर चढायची धडपड सुरू. पाय घसरतात, पुन्हा चढते. मला ते बघवत नाही. टब पारदर्शक प्लास्टिकचा आहे, पाणी कोमट असतं आणि तिच्या हनुवटीच्या खालीच राहतं. आंघोळीनंतर ती बराच वेळ लपायच्या जागेतून बाहेर येत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ती माझ्या हातातून पान खायला शिकली होती आणि आता हात दिसला की मागे सरते. खाऊ घालणारा आणि पाण्यात घालणारा हात एकच, त्यामुळे तिचा गोंधळ होतोय का? विश्वास बसेपर्यंत आंघोळ बंद ठेवू का? कोणी म्हणतं, हे कोरड्या प्रदेशातलं कासव, त्याला आंघोळ हवीच कशाला. कोणी म्हणतं, रोज हवी. आणि ते फुसकारणं म्हणजे राग असतो का? ज्यांनी पिल्लू लहानाचं मोठं केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मंदचाल:
आंघोळ बंद करू नका. हे आधी सांगतो, कारण या वयात त्याचं नुकसान सगळ्यात मोठं. सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं खरं, पण ते दिवसाचा बराच वेळ बिळात काढतं आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा खूप दमट असते. पिल्लाच्या अंगातलं पाणी मोठ्या कासवापेक्षा लवकर उडतं. पाणी कमी पडत राहिलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो, मूत्राशयात खडे होतात. पाठीवरचे चौकोन उंचवट्यांसारखे वर येतात, त्याचा दोष पूर्वी प्रथिनांना दिला जायचा. 2003 साली सुलकाटाच्याच पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम कितीतरी जास्त दिसला. म्हणून मी वर्षाच्या आतल्या पिल्लाला रोज 15 ते 20 मिनिटं पाण्यात बसवायच्या मताचा आहे. पुढे वय वाढेल तसं अंतर वाढवता येतं.

पाणी साधारण 30 अंश सेल्सिअस. हाताच्या अंदाजापेक्षा थर्मामीटर बरा. उथळ पाणी पटकन गार होतं, त्यामुळे मधे एकदा बदला. पाण्याची खोली वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच. मान न ताणता नाक पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. उलटं झालं तर थोड्या पाण्यातही बुडतं, म्हणून फोन वाजला तरी जागचं हलू नका.

आता धडपड. मला तुमच्या टबावर संशय आहे. पारदर्शक भिंत ही अडथळा आहे हे कासवाच्या लक्षात येत नाही. पलीकडचं दिसतं, म्हणून ते जात राहतं. आतलं बाहेर न दिसणारा, उंच कडांचा, ऐसपैस टब घ्या आणि तळ घसरडा असेल तर जाडसर कापड अंथरा. थोडं चालणं मात्र चांगलंच असतं, त्याने पोट साफ होतं. शांतपणे फेऱ्या मारत असेल तर चालू द्या.

दुर्वांकुर:
टबाबद्दल वरच्याशी सहमत. मी विश्वासाबद्दल लिहिते.

फुसकारणं म्हणजे राग नाही. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. डोकं-पाय झटकन आत ओढले की आतली जागा कमी होते आणि हवा बाहेर फेकली जाते, त्याचा तो आवाज. घाबरल्याची खूण म्हणून मात्र तो महत्त्वाचा आहे. ऐकू आला की हात तिथेच थांबवा.

पिल्लाला वरून येणारी प्रत्येक गोष्ट शिकारी पक्षी वाटते. म्हणून हात वरून नेऊ नका. समोरून, जमिनीलगत, तिला दिसेल असा आणा. उचलताना दोन्ही हात वापरा आणि चारही पाय तळहातावर टेकू द्या. अधांतरी लोंबणारे पाय हेच घाबरण्याचं मोठं कारण असतं. झोपेतून किंवा लपायच्या जागेतून कधीही ओढून काढू नका. ती जागा पूर्ण तिची. सकाळी ती स्वतः बाहेर येऊन थोडी उबेला बसली की मगच आंघोळ, रोज त्याच वेळी.

एरवी रोज थोडा वेळ हात तिच्या घरात नुसता टेकवून ठेवा. काही करायचं नाही. शेजारी तिचं आवडतं पान किंवा जास्वंदीचं फूल ठेवा, तोंडापाशी नेऊ नका. ती हाताजवळ येईल, हात तिच्याजवळ जाणार नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. कवचाला स्पर्श कळतो, त्यामुळे त्यावर टकटक करू देऊ नका, विशेषतः घरातल्या मुलांना. डोक्याला हात लावायची घाई नको.

ती विसरेल अशी काळजी करू नका. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्डाब्रा आणि गालापागोस जातींच्या महाकाय कासवांना रंगीत चेंडूला तोंड लावायला शिकवलं होतं. त्यातल्या काहींना ते शिकणं 9 वर्षांनंतरही आठवत होतं. जात वेगळी आहे, पण गोटीच्या लक्षात तुमचा हात, त्याची वेळ आणि त्याची चाल नक्की राहणार. एकसारखं वागलात की ती सैल पडेल.

ओलीमाती:
थोडी भर. साबण, शाम्पू, कवचाला तेल, काहीच लावायचं नाही. आंघोळीनंतर मऊ कापडाने टिपून लगेच दिव्याच्या उबेत ठेवा आणि तिथेच खाणं द्या. भांडी घासायच्या सिंकमध्ये आंघोळ नको. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून टब वेगळा आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवायचे. नाकातून बुडबुडे, डोळे खोल गेलेले, कवच दाबल्यावर मऊ लागणं किंवा खाणं सोडणं, यातलं काही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जा.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. टब बदलला, तळाशी कापड घातलं. भिंतीवर चढणं जवळजवळ थांबलंय, आता ती कडेकडेने फिरते. काल पाण्यात मान बुडवून बराच वेळ प्यायली, मी श्वास रोखून बघत होते! उचलताना अजून फुसकारते, पण पाय लवकर बाहेर काढते. हात टेकवून बसणं सुरू केलंय. ती लांबून बघते, जवळ आलेली नाही.

एक नवीन शंका. पाण्यात पांढरट, घट्ट असं काहीतरी पडतं. हा आजार आहे का?

मंदचाल:
नाही, ते युरेट. लघवीतला तो घन भाग असतो. टूथपेस्टसारखा मऊ असेल तर उत्तम. बोटात चोळून बघा (नंतर हात धुवा). वाळूसारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडतंय असं समजा, आंघोळीचा वेळ वाढवा आणि तिच्या घरातला ओलावा तपासा. त्यानंतरही तसाच राहिला किंवा लघवी करताना ती जोर करताना दिसली, तर खड्याची शक्यता असते. तेव्हा थांबू नका, डॉक्टरांना एक्स-रे काढायला सांगा.