अंबाजोगाईतल्या रहस्यकथेसाठी पोलिसी माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत घडणारी हलकीफुलकी रहस्यकथा लिहितेय. संतकवी दासोपंतांच्या पासोडीवर, म्हणजे त्यांनी कापडावर लिहिलेल्या ग्रंथावर, पुस्तक लिहिणारे दोघं पाठोपाठ दगावतात. दुसऱ्याच्या उशाशी अर्धा प्यालेला चहा, तळाशी न विरघळलेली साखर, माणूस मधुमेही! गाव म्हणतं, वय झालं होतं. निवृत्त ग्रंथपाल काकू आणि त्यांचा आगाऊ भाचा मात्र शोधाला लागतात.

अडलंय ते इथे. अकस्मात मृत्यूची चौकशी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, इतपत ठाऊक आहे. पण अंत्यविधी उरकल्यावर कुणी संशय घेतला तर ठाण्यात नेमकं काय होतं? व्हिसेरा (विषाच्या तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखलेलाच नसेल तर? आणि फौजदार काकूंना दारात तरी उभं करेल का?

पोलीस खात्यातलं कुणी असेल तर सांगा. सिनेमातलं नको, आपल्याकडचं.