फॅमिली ग्रुप: बाबांची शुगरची डायरी

मीनल: दादा हे काय आहे?? आत्ता बाबांच्या मशीनची मेमरी बघितली. डायरीत उपाशीपोटी 118, 122, 115 आणि मशीनमध्ये त्याच तारखांना 171, 186, 164. तरीच एचबीएवनसी 8.6 आलं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी 200 च्या आसपास

सुहास: कालच आलीयेस ना तू. चहा तरी घे आधी

मधुकाका: जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. उठल्यापासून नाही.

वहिनी: पट्टी लावून मी देते रोज, तेवढ्यात माझा कुकर असतो, आकडा तेच बघतात आणि तेच लिहितात. मी काय पोलीस आहे का

मीनल: वहिनी तुला कोण बोललं

वहिनी: नाही, असंच सांगितलं

बाबा: मी दोनदा टोचतो. कमी येतो तो लिहितो. मशीन 15 टक्के इकडेतिकडे चालतं, वाचलंय मी.

मीनल: तरी 171 चे फार तर 150 होतील बाबा, 118 नाही. आणि मंगळवारी जेवणानंतर 263 आहे ते?

बाबा: तो धरू नको. आमरसाचे हात न धुता टोचलं होतं.

चिन्मय: आजोबा 😂😂😂 आमरस??

वहिनी: आमच्याकडे केलेला नाही. आत्यांचा डबा आला होता

उषाआत्या: एक वाटी दिली गं, भाऊ आहे माझा. रविवारी किती जण येताय ते सांगा आधी

मधुकाका: पहिल्या घासापासून दोन तास.

सुहास: वाचलं काका

आई: 180 लिहिलं की त्या दिवशी ह्यांचा भात बंद आणि तुम्ही बहीणभाऊ रात्री फोनवर भांडता. मग 118 च लिहिणार ना माणूस

मीनल: बरं नाही भांडत. पण डॉक्टरांनी डायरी बघूनच गोळी तीच ठेवली होती, रिपोर्ट नंतर आला

सुहास: फोनला जोडायचं मशीन मिळतं, आकडा आपोआप येतो

बाबा: माझ्या फोनमध्ये काही घालायचं नाही. लिहीन खरं. भाताचं आधी ठरवा.

मधुकाका: भात खा पण दोन तास पहिल्या घासापासून

वहिनी: अर्धी वाटी चालेल, वरण भाजी जास्त. आणि मीनल येताना पट्ट्यांची डबी आण, दोनदोनदा टोचून संपल्यात. परवाची डबी रात्रभर उघडीच राहिली होती, पावसाळी हवेत त्या पट्ट्यांचा भरवसा नाही, टाकून दिल्या

उषाआत्या: मी नऊ धरते