मदत हवी आहे: मानवी हक्क दिनाच्या व्याख्यानांत पीडित व्यक्तीला व्यासपीठावर बोलवावे का?

नमस्कार.

आम्ही नाशिकमधील आठ-नऊ जण दर रविवारी एकत्र बसून संविधान वाचतो. आमच्यात दोन वकील आणि एक निवृत्त शिक्षिका आहेत. १९४८ साली ज्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्या १० डिसेंबरला यंदा दिवसभराची खुली व्याख्याने ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. सभागृह जुन्या सीबीएसजवळचे (मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे) मिळत असल्यामुळे सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरकडून एसटीने येणाऱ्यांना तेथे पायी पोहोचता येईल.

सकाळच्या सत्राची फारशी चिंता नाही. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ या अर्थाने वाचली जाऊ शकणारी शब्दरचना बदलून तेथे ‘सर्व मानव’ आणण्यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरलेला आग्रह, आणि याच शहरात २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, या दोन विषयांवर बोलणारे अभ्यासू वक्ते आमच्याकडे आहेत.

अडचण दुपारनंतरच्या सत्राची आहे. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबातील एक ताई स्वतःहून बोलायला तयार झाल्या आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, हे श्रोत्यांना वकील सांगतीलच. मात्र वाळीत पडलेल्या घराला लग्नाचे निमंत्रण येत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही, म्हणजे नेमके काय होते, हे त्या ताईंइतके नेमकेपणाने दुसरे कोणी सांगू शकणार नाही. तरीही माझे मन कचरते. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात मी श्रोता म्हणून बसलो होतो. तेथे एका मुलीने रडत रडत आपली हकीकत सांगितली, समोरच्यांनी मोबाइलवर तिचे चित्रीकरण केले आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्या गावातल्या गटांवर फिरू लागले. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या मुलीला पुढचे काही महिने नातेवाइकांकडे काढावे लागले. तिच्या दुःखाचा आपण देखावा केला, ही बोच मला अजून आहे, कारण त्या वेळी मीही उठून कोणाला थांबवले नाही.

म्हणून आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. ताईंनी प्रत्यक्ष बोलावे आणि मोबाइल दाराशी जमा करून घ्यावेत. त्यांचे कथन नाव-गाव बदलून दुसऱ्या कोणी वाचून दाखवावे. किंवा हे कथन जाहीर सत्रात न ठेवता वकील व कार्यकर्त्यांच्या छोट्या बैठकीत ठेवावे. मला दुसरा पर्याय सुरक्षित वाटतो, पण ‘माझे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी का?’ असे ताईंनी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत त्यांनी संमती कशी घेतली, ती आयत्या वेळी मागे घेण्याची मुभा कशी ठेवली आणि कार्यक्रमानंतर संबंधित व्यक्तीच्या संपर्कात कोण राहिले, हे कृपया सविस्तर सांगावे.

याला जोडूनच आणखी एक प्रश्न आहे. श्रोत्यांमध्ये वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काचे, दावे नामंजूर झालेले अनेक शेतकरी असतील. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जाण्यास ६० दिवसांची मुदत असते आणि राज्य मानवी हक्क आयोग एक वर्षापेक्षा जुन्या घटनेची चौकशी करू शकत नाही. लांबून आलेल्या माणसाला ‘तुमची मुदत टळली’ एवढेच ऐकून परत जावे लागले, तर त्या दिवसाचा त्याला काय उपयोग? म्हणून सभागृहाबाहेर एक टेबल मांडून, तेथे कागदपत्रे पाहून पुढचा मार्ग सांगणारे वकील दिवसभर बसवण्याचा विचार आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, तरी ते कोठे मागायचे हे फार थोड्यांना ठाऊक असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील अशा खासगी कार्यक्रमाला पाठवले जातात का, आणि त्यासाठी किती दिवस आधी पत्र द्यावे लागते?

शेवटी एक विनंती. सुरगाणा-पेठेकडील अनेक वयस्कर माणसांना पुस्तकी मराठीतली कायद्याची भाषा समजत नाही. डांगी किंवा कुकणा बोलीत सहज समजावून सांगू शकेल अशी व्यक्ती कोणाच्या ओळखीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. मानधन आणि प्रवासखर्च आम्ही देऊ, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून त्यांचे सत्र चार वाजण्याच्या आत संपवू.