मदत हवी आहे : अहरोनाचं एफोद कसं बेतावं?

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या संडे स्कूलची मुलं या वर्षी बायबलच्या निर्गम पुस्तकातला निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उभा करणार आहेत. अहरोन, म्हणजे मोशेचा भाऊ आणि मुख्य याजक (पुरोहित), होणाऱ्या मुलाचा पोशाख माझ्याकडे आलाय. शिवणकाम हाच माझा धंदा, त्यामुळे चमकी लावून वेळ मारून नेणं मनाला पटत नाही. अध्याय २८ आणि ३९ पुन्हा पुन्हा वाचतेय.

बराच उलगडा झालाय. आत चोळणा, चौकड्यांचा अंगरखा, वर निळा झगा, मग एफोद, म्हणजे याजकाचं झग्यावरचं खास वस्त्र, छातीवर बारा रत्नांचा ऊरपट, डोक्याला मंदिल आणि त्यावर सोन्याची पट्टी. झग्याचा गळा फाटू नये म्हणून कडेने गोट विणायला सांगितलाय, ते वाचून फार बरं वाटलं. गळा आधी जातो, हे तेव्हाच्या कारागिरांनाही ठाऊक होतं! ऊरपट एक वीत लांब, एक वीत रुंद आणि दुहेरी, म्हणजे खड्यांचं वजन पेलेल.

अडलंय एफोदापाशी. दोन खांदपट्ट्या आणि त्याच कापडाचा पट्टा, एवढंच कळतं. कुठल्या चित्रात ते एप्रनसारखं दिसतं, कुठल्या चित्रात बंडीसारखं. कापड एकदाच आणलंय. कात्री लावण्याआधी कुणी सांगाल का? आणि सोनं म्हणून काठाला सोनेरी जर लावली तर चालेल?

प्रतिसाद :
ताई, यावर जुन्या जाणकारांतच दोन मतं आहेत. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस स्वतः याजक घराण्यातला. तो बाह्या असलेलं आखूड वस्त्र सांगतो, छातीपाशी ऊरपटापुरती जागा मोकळी सोडलेली. अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी म्हणतो, पाठीमागून गुंडाळून पुढे पट्ट्याने बांधायचं, टाचेपर्यंत लांब. निर्गमात बाह्यांचा उल्लेखच नाही, म्हणून मी राशीच्या बाजूने. तुमचंही काम सोपं होईल: मागे सरळ आयत, त्याला पट्टा आणि दोन खांदपट्ट्या.

सोनेरी जर मात्र नुसती काठाला नको. सोन्याचे पत्रे ठोकून, त्यांच्या तारा कापून त्या सुतातच विणल्या होत्या. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात हिशेब आहे: निळं, जांभळं, किरमिजी आणि पांढरं, प्रत्येकाचे ६ पदर आणि प्रत्येकासोबत सोन्याची १ तार, म्हणजे एकूण २८ पदरी धागा. तेव्हा अंगभर जरीची बारीक रेघ असलेलं कापड बघा.

ऊरपट वरून सोनेरी साखळ्यांनी खांद्यांना आणि खालून निळ्या फितीने एफोदाला बांधा. तो एफोदावरून सुटू नये असं स्पष्ट लिहिलंय. आणि मुलाला चपला घालू नका, याजक अनवाणीच सेवा करत.