दादीच्या पेटीतले कागद थंडे कुठे करू?

तंबोरा:
दादीचा चाळिसावा गेल्या आठवड्यात झाला आणि मिरजेच्या घरातलं तिचं सामान आवरायला घेतलं. पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. निदान जुन्या साड्या निघतील असं वाटलं होतं. निघाले कागद. सात-आठ किलो असतील.

दादी अंगठेबहाद्दर. नमाजच्या सूरा तोंडपाठ, पण कुराण उघडून वाचता यायचं नाही. रमजानात ओळीवरून नुसतं बोट फिरवायची आणि दर ओळीला बिस्मिल्लाह म्हणायची. तिच्या हिशेबी उर्दू-अरबी अक्षर दिसलं की कागद पाक. आत अल्लाचं नाव आहे की गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, हे तिला कळणार कसं? म्हणून तिनं सगळंच उचललं. भजी बांधून आलेली 'इन्किलाब' या उर्दू पेपरची पानं (तेलाचे डाग अजून आहेत), लग्नाच्या पत्रिका, मशिदीच्या चंद्याच्या पावत्या, युनानी दवाखान्याच्या पुड्या, फाटका तिसावा पारा (कुराणाच्या तीस भागांतला शेवटचा). आणि चाचांनी दुबईहून आणलेल्या शाम्पूच्या बाटलीचं लेबल. भिजवून, एक कोपरा न फाटता सोलून काढलेलं. न्हाणीत ते अक्षर नको म्हणून काढलं असणार, हे मला आत्ता कळतंय. ती काही बोलायची नाही. एकदा लहानपणी रस्त्यातला कागद उचलताना विचारलं, तर म्हणाली, "किसका बी पाँव पड्या तो?" झालं. यापुढे प्रवचन नाही.

आता अडचण अशी. अब्बा म्हणतात, कृष्णेत थंडे करू. (आमच्यात बुडवणं म्हणत नाहीत, थंडे करणं म्हणतात.) घाटावर जाऊन आलो. पाणी ओसरलंय, काठाला निर्माल्याच्या पिशव्या अडकल्यात. धाकटा भाऊ तबलीगी जमातीत (धर्मप्रचाराला) जातो. तो म्हणतो, पारा बाजूला काढ, बाकी रद्दी. शाम्पूला कसला अदब? तुमच्याकडे काय करतात?

खाडीपल्याड:
नदीत नका टाकू. कागद वाहत कर्नाटकात जाईल आणि वाटेत कुठल्या तरी झुडपाला लागेल. तुम्ही हनफी परंपरेचे असाल तर सरळ रस्ता आहे. स्वच्छ कापडात गुंडाळून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरायचं. मय्यतीसारखंच. आम्ही कोकणातले शाफई परंपरेचे. जाळून राख पुरली तरी चालते असं आमचे मौलवी सांगतात. तिसरे खलिफा हजरत उस्मानांनीही कुराणाची एक प्रत पक्की केल्यावर बाकीच्या जाळायला लावल्या होत्या, हा दाखला देतात. पण आमची आई काडी लावू देईल तर शपथ!

तिचंही असंच. भाताची पेज परसात ओतताना आधी बिस्मिल्लाह, मग ओतणार. जिन्नांच्या पोरांना चटका बसायला नको. हे तिला कुणी शिकवलं विचाराल तर सांगता येणार नाही. मी आता मुंबईत बेसिनमध्ये पाणी ओततानाही म्हणते. जिन्न तिथे कुठून येणार कोण जाणे.

सरळमार्गी:
तुमच्या भावाचं बरोबर आहे. हुरमत (पावित्र्य) कलामाची, म्हणजे अल्लाच्या वचनाची असते, लिपीची नाही. अरबीत शिव्यासुद्धा लिहिता येतात. पारा पुरा, बाकी रद्दीवाल्याला द्या. उगाच नवी प्रथा पाडू नका.

तंबोरा:
@सरळमार्गी, पटतंय. पण हा फरक करायला वाचता यावं लागतं. तिला शाळेतच घातलं नाही, तर ती निवडणार कशातून?

दुपारची_झोप:
मी तुमच्या धर्माची नाही. पुस्तकाला पाय लागला तर कपाळाला लावायचं, एवढं आमच्याकडेही आहे. वेगळंच सांगायला आले. 1972 साली येमेनमध्ये सनाच्या मोठ्या मशिदीची डागडुजी चालू असताना छताच्या पोकळीत कुराणाच्या जुन्या पानांचा ढीग सापडला. चामड्यावर लिहिलेली, त्यातली काही अगदी पहिल्या हिजरी शतकातली. टाकवत नाही म्हणून कुणीतरी ठेवली असणार. आज अभ्यासक त्यावर आयुष्य घालवतात. तेव्हा पुरण्याआधी एकेक कागद बघा आणि फोटो काढा.

तंबोरा:
बघितले. दोन रात्री लागल्या. तळाशी एक पिवळा पडलेला कागद, सगळं अक्षर वर एका रेघेला टांगलेलं, खाली नुसतं पळतंय. भावानं तो डोळ्यांना लावला, चुंबन घेतलं आणि म्हणाला, हे फार जुनं दिसतंय. मग उलटा-सुलटा करून बघितला. मोडी होती!

मोडी वाचणाऱ्या एका काकांना फोटो पाठवला. भोपळ्यांचा हिशेब निघाला. आमच्या घरात सतार-तंबोऱ्याचं काम चालायचं, भोपळे पंढरपूरकडून यायचे. दादांच्या वडिलांच्या वेळची उधारी आहे. दादीला पळतं अक्षर दिसलं, तिनं जपलं. तो कागद तेवढा घरीच ठेवलाय.

बाकीचे परड्यात, भोपळे वाळवायच्या जागेमागे भिंतीला लागून पुरले. तिथून कुणी जात नाही. गाठोडं मी आणि भावानं मिळून बांधलं. माती ओढायच्या आधी गाठ सैल वाटली म्हणून पुन्हा उघडली, तर पाऱ्याच्या खाली शाम्पूचं लेबल सपाट करून ठेवलेलं. मी ठेवलेलं नाही.